तांबोळी मॅडम आणि चौथा रुग्ण

नसीम तांबोळी यांच्यावर अन्याय झाला. गेल्या वर्षी, होळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या तळघरात, किरणोपचार विभागाच्या दारात. कार्यालयातले दोन जण खाली आले. एकाने पत्र दिलं, दुसऱ्याने किल्ल्या मागितल्या. मॅडमनी पत्र उभ्याउभ्या वाचलं, किल्ल्या मोजून त्याच्या हातावर ठेवल्या आणि विचारलं, "आज सकाळचं मोजमाप मी केलंय. उद्या सकाळचं कोण करणार?"

दोघांना फक्त किल्ल्या आणायला सांगितलं होतं.

पत्रात आरोप एकच होता. परवानगीशिवाय रुग्णांशी संपर्क साधून घबराट पसरवणे. चौकशी पूर्ण होईपर्यंत त्यांनी विभागात पाऊल ठेवायचं नाही. ती चौकशी आज हे लिहीत असतानाही पूर्ण झालेली नाही. रुग्णालयाचं नाव मी लिहीत नाही. मला लिहायचंय, पण मॅडम नको म्हणाल्या, आणि त्या का नको म्हणाल्या ते पुढे येईल.

मी त्यांची विद्यार्थिनी. एम.एस्सी., मेडिकल फिजिक्स. हा विषय काय, असं मला घरीदारी सगळे विचारतात, म्हणून आधी तेवढं सांगते. कॅन्सरच्या रुग्णाला यंत्रातून किरण देतात. गावाकडचे लोक त्याला 'लाइट घेणं' म्हणतात. किती द्यायचे हे डॉक्टर ठरवतात. यंत्र खरोखर तेवढेच देतंय की नाही, हे रोज मोजून सांगणारा माणूस वेगळा असतो, आणि तो डॉक्टर नसतो, भौतिकशास्त्रातला असतो. रुग्णाला त्याचं नाव माहीत नसतं. तोंडही सहसा दिसत नाही. वर्गातला अभ्यास झाला की वर्षभर एखाद्या रुग्णालयात अशा माणसाच्या हाताखाली काम शिकावं लागतं. आम्हा सहा जणांना तांबोळी मॅडम मिळाल्या.

पहिल्या दिवशी आम्ही विभागाच्या दारावरची पाटी वाचत उभे राहिलो. मॅडमच्या हातचीच होती: 'दार बंद असेल तर आत किरण आहेत. उघडं असेल तर आत मी आहे. दोन्ही वेळा विचारून यावे.' आम्ही हसलो. आतून आवाज आला, "हसून झालं असेल तर विचारा."

बुटक्या, सडपातळ बाई. सुती सलवार-कमीज, त्यावर पांढरा कोट, कोटाच्या खिशात सहा इंची पट्टी. घर शनिवार पेठेत. खाली वडिलांचं दुकान, वजनकाटे दुरुस्तीचं. पेठेतल्या किराणा दुकानदारांचे आणि सोनारांचे काटे वर्षातून एकदा सरकारी शिक्क्यासाठी जायच्या आधी अब्बांच्या टेबलावरून जायचे. मॅडम लहानपणी तिथेच अभ्यासाला बसायच्या. एकदा बाहेरगावच्या एका मोठ्या डॉक्टरांनी त्यांना म्हटलं, "तुम्ही मराठी किती छान बोलता हो."

"तुम्हीही बरं बोलता," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या रुग्णाचा कागद उलगडला.

सकाळी पावणेसातला त्या हजर. आदल्या संध्याकाळीच पाण्याची पारदर्शक टाकी भरून यंत्राखाली ठेवलेली असायची, कारण नळाचं पाणी खोलीइतकं व्हायला रात्र लागते. माणसाचं शरीर बहुतांश पाणीच, म्हणून माणसाच्या जागी पाणी. त्यात पेन्सिलीएवढं मोजण्याचं उपकरण बुडवायचं, जाड काँक्रीटचं दार लावायचं, बाहेरून किरण सोडायचे आणि आकडा घ्यायचा. आकडा एकाने मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने ऐकून तोच परत मोठ्याने म्हणायचा आणि मगच वहीत लिहायचा. चहा त्यानंतर. मॅडमनाही आणि आम्हालाही. एकदा आमच्यातला एक जण चहा घेऊन आधीच आला. मॅडमनी त्याच्या कपाकडे पाहिलं. "झालं का मोजून? किती आलं?" तो म्हणाला, "अजून नाही मॅडम." "मग हे कसलं सेलिब्रेशन?"

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. आम्ही काहीही सांगितलं की त्या विचारत, "मोजलंस की ऐकलंस?" कॅन्टीन बंद आहे म्हटलं तरी हेच. सुरुवातीला आम्ही एकमेकांत त्याची नक्कल करायचो. दोन महिन्यांनी नक्कल सुटली आणि सवय उरली. माझी आई एकदा फोनवर म्हणाली, शेजारच्यांच्या मुलीचं लग्न ठरलं म्हणे. मी विचारलं, मोजलंस की ऐकलंस? आईने फोन ठेवला.

मी तेव्हा एका विद्यार्थी संघटनेत होते. अजूनही आहे. पत्रकं लिहिणं हे माझं काम. त्या वर्षी आम्हा सहाही जणांना किरणांचं माप नोंदवणारे बॅज दिलेले नव्हते. असे बॅज छातीवर लावून काम करायचं, ठरावीक महिन्यांनी ते तपासणीला जातात आणि तुमच्या अंगावर किती किरण आले ते कळतं. विद्यार्थ्यांना ते नाहीत. मी पत्रक काढलं, 'विद्यार्थ्यांच्या जिवाशी खेळ', आणि रुग्णालयाच्या फाटकावर वाटलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी ते समोर ठेवलं. लाल पेन्सिलीने खुणा केलेल्या.

"अकरा उद्गारचिन्हं आहेत. आकडा एकही नाही. का?"

"लोकांना राग यायला पाहिजे मॅडम."

"आला का?"



त्यांनी माझ्या हातात मोजायचं यंत्र दिलं. "जा. तुम्ही सगळे जिथे उभे राहता तिथे मोज. सगळीकडे." मी तासभर मोजलं. आम्ही उभे राहायचो तिथे काहीच नव्हतं. रस्त्यावर असतं तेवढंच. मी येऊन सांगितलं. मला वाटलं, आता पत्रक परत घ्यायला लावतील.

"म्हणजे खेळ वगैरे काही चाललेला नाही," त्या म्हणाल्या. "पण बॅज पाहिजेच. धोका दिसत नाही तेव्हाच मोजत राहायचं असतं. दिसायला लागल्यावर मोजणारे खूप येतात." आणि त्यांनी कार्यालयाला चार ओळींचं पत्र लिहिलं. सोमवारपर्यंत बॅज आले नाहीत, तर विद्यार्थी आत येणार नाहीत आणि विद्यार्थी नसतील तर दुसरा वाचणारा नाही. दुसरा वाचणारा नसेल, तर मी यंत्र रुग्णांसाठी खुलं करणार नाही.

सोमवारी बॅज आले नाहीत. मॅडमनी यंत्र खुलं केलं नाही. बाहेर बाकांवर रुग्ण बसलेले, नातेवाईक घड्याळं बघतायत, वरून मुख्य व्यवस्थापकांचे फोन. हे व्यवस्थापक आधी एका बँकेत अधिकारी होते. ते शेवटी स्वतः खाली आले. "मॅडम, लोक ताटकळलेत. माणुसकी म्हणून काही आहे की नाही?"

"आहे ना. म्हणून तर मी त्यांना बाहेर जाऊन सांगितलं की उशीर कार्यालयामुळे आहे. मशीनमुळे नाही."

बॅज दुपारी अडीचला आले. सगळ्या रुग्णांचे उपचार त्या दिवशी संध्याकाळपर्यंत झाले, मॅडम शेवटच्या रुग्णापर्यंत थांबल्या. मला वाटलं जिंकलो. आज कळतं की वर कुणाच्या तरी टेबलावर त्या दिवशी त्यांच्या नावाची फाईल उघडली गेली.

आता मुख्य गोष्ट.

गेल्या वर्षी हिवाळ्याच्या शेवटी मॅडमचे अब्बा दवाखान्यात दाखल झाले आणि वारले. मॅडम अकरा दिवस रजेवर होत्या. मी ओळखते तेव्हापासूनची त्यांची पहिली लांब रजा. त्या अकरा दिवसांत दोन गोष्टी झाल्या. एक, रुग्णालयाला दर्जाचं प्रमाणपत्र देणारी तपासणी तोंडावर आली आणि पाऱ्याची सगळी उपकरणं काढून टाका असा आदेश निघाला. त्यात भिंतीवरचा हवेचा दाब मोजणारा जुना पाऱ्याचा मापक गेला. त्याच्या जागी आकडे दाखवणारी नवी डबी आली. दोन, यंत्राच्या आतला एक भाग बिघडला, कंपनीचा इंजिनिअर येऊन तो बदलून गेला. असा भाग बदलला की यंत्र किती किरण देतंय हे पहिल्यापासून मोजून नव्याने बसवावं लागतं. ते काम सागरवर आलं. सागर म्हणजे मॅडमच्या हाताखाली नुकताच रुजू झालेला कनिष्ठ भौतिकतज्ज्ञ, त्यांचाच जुना विद्यार्थी.

इथे चूक झाली. ती नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे.

मोजण्याचं ते पेन्सिलीएवढं उपकरण आतून पोकळ असतं आणि त्या पोकळीत खोलीतलीच हवा असते. पुणं उंचावर आहे, इथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा विरळ. विरळ हवेत ते उपकरण खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. म्हणून हवेचा दाब बघायचा आणि त्या हिशेबाने आकडा वाढवून घ्यायचा. पुण्यात हा दाब साडेनऊशेच्या आसपास असतो. पण हवामानाच्या बातम्यांत, मोबाइलवर, विमानतळावर, सगळीकडे हजाराच्या वरचा आकडा दिसतो. कारण गावागावांची तुलना करता यावी म्हणून ते लोक प्रत्येक गाव समुद्रकाठी आहे असं धरून आकडा सांगतात. नवी डबी बसवणाऱ्या माणसाने तिच्यातही तीच सोय चालू करून ठेवली होती. डबी एक हजार बारा दाखवत होती. पुणं समुद्रकाठी असतं तर ते बरोबर होतं.

सागरने एक हजार बारा धरला. आकडा वाढवून घ्यायची गरजच उरली नाही. त्यामुळे यंत्र कमी किरण देतंय असं दिसलं, आणि सागरने ते वाढवलं. शंभराच्या जागी एकशे साडेसहा.

वहीच्या त्या पानावर दोन सह्या आहेत. एक सागरची, वाचणाऱ्याची. दुसरी माझी, ऐकून परत म्हणणारीची. 'एक हजार बारा', तो म्हणाला. 'एक हजार बारा', मी म्हणाले, आणि सही केली. पुण्याचा दाब साडेनऊशे, हे मॅडमनी पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. परीक्षेत मी ते लिहून गुण घेतले होते. त्या दिवशी वरून दर अर्ध्या तासाने फोन येत होता, बाहेर रुग्ण बसले होते, आणि मी डबीकडे मान वळवून पाहिलंही नाही.

होळीच्या आधीच्या सोमवारी मॅडम रजेवरून आल्या. डोळे सुजलेले. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी वही उघडली. बोट एका ओळीवर थांबलं.

"सागर, हा दाब कुठला?"

"नव्या डबीतला, मॅडम."

"मी विचारलं, कुठला. गाव कुठलं?"

सागर पांढरा पडला. त्याला त्या क्षणी कळलं. मला अजून कळलं नव्हतं.

यंत्रासमोर एक आजोबा नुकतेच झोपवलेले होते. मॅडम आत गेल्या, त्यांना हात देऊन उठवलं, म्हणाल्या, "बाबा, आज मशीनला बरं नाही. दुपारी बोलावते." मग किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवली. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून जुना मापक मागवला. त्याने दाब नऊशे एकोणपन्नास दाखवला. तीन तास त्यांनी स्वतः सगळं परत मोजलं. मी आकडे परत म्हणत होते. तेही पुटपुटत. एकदा त्या म्हणाल्या, "मोठ्याने. लाज वाटते ती संध्याकाळी वाटू दे." सागर कोपऱ्यात रडत होता. त्यालाही त्यांनी सोडलं नाही. "रडून झालं की रजेवरच्या सगळ्या दिवसांची रुग्णांची यादी काढ. कुणाला किती दिवस."

दुपारपर्यंत यंत्र बरोबर झालं. यादीही झाली. ज्यांचे उपचार अजून चालू होते, त्यांचे पुढचे डोस कमी करून हिशेब जुळवता येत होता. डॉक्टरांनी तो जुळवला. प्रश्न ज्यांचे उपचार त्या दिवसांत संपले होते त्यांचा होता. ते चार जण होते. त्यांचं काही परत घेता येत नव्हतं. त्यातल्या तिघांचे शेवटचे काही दिवसच त्या काळात होते, म्हणजे जादा वाटा थोडा. चौथ्याचं वेगळं. पाठीच्या मणक्यातल्या गाठीवर पाच दिवसांचा मोठ्या डोसांचा उपचार, पाचही दिवस त्याच काळात. गाठीला लागून मज्जारज्जू. तिथे शंभराच्या जागी एकशे साडेसहा.

त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावर बैठक झाली. मॅडमनी मला वही घेऊन सोबत नेलं.

"साडेसहा टक्के," व्यवस्थापक म्हणाले. "मॅडम, कांद्याचा भाव रोज एवढा वरखाली होतो."

"कांदा कुणी मज्जारज्जूशेजारी ठेवत नाही, साहेब."

विभागप्रमुख डॉक्टर चांगला माणूस. ते म्हणाले, "नसीमताई, बहुधा काहीही होणार नाही. तिघांना तर नाहीच. चौथ्याला शक्यता आहे, पण थोडी, आणि झालं तर काही महिन्यांनी. आत्ता सांगून त्याची झोप कशाला उडवायची?"

"काही महिन्यांनी पायाला मुंग्या आल्या, तर तो कुणाकडे जाईल? हाडवाल्याकडे. तो सांगेल कंबरेचे व्यायाम करा. त्याला माहीत असेल तर तो पहिल्या दिवशी तुमच्याकडे येईल. फरक इतकाच आहे, डॉक्टर. बहुधा हा शब्द तुम्ही स्वतःसाठी वापरा. त्याच्या वतीने आपण कोण वापरणार?"

ठराव झाला की 'योग्य वेळी योग्य पद्धतीने' कळवावं. मॅडमनी इतिवृत्तात योग्य वेळ कुठली ते लिहा म्हटलं. कुणी लिहिलं नाही. त्याच दिवशी त्यांनी किरणसुरक्षेवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाला सगळा अहवाल पाठवला. तो पाठवणं नियमानेच त्यांचं काम होतं. चुकीच्या जागी त्यांनी लिहिलं, 'विभागाची प्रमुख भौतिकतज्ज्ञ म्हणून जबाबदारी माझी'. मी म्हटलं, तुम्ही तर इथे नव्हतात. त्या म्हणाल्या, "नवा मापक मी तपासल्याशिवाय वापरायचं नाही, हे मी जाताना सांगितलं का? नाही. मग?"

मग त्या सांगायला लागल्या. एकेकाला बोलावून, समोर बसवून. पहिल्या दोघांनी ऐकून घेतलं. एकाने आभार मानले, एका बाईंनी मुलाला फोन लावून मॅडमना परत पहिल्यापासून सांगायला लावलं. तिसरं कुटुंब हिंजवडीचं. जुने शेतकरी, आता जमिनीवर कंपन्या, घराच्या वरच्या दोन मजल्यांवर कंपनीतली पोरं भाड्याने. बबनराव आणि त्यांच्या बायको सुलोचनाबाई. सुलोचनाबाईंना घशाचा आजार. गळ्याभोवती मऊ पंचा गुंडाळलेला, बोलणं जवळजवळ बंद. मी दाराशी उभी होते.

मॅडमनी सांगितलं. कागदावर दोन रेघा काढून दाखवलं, द्यायचं होतं एवढं, गेलं एवढं.

"मंग बरंच झालं की," बबनराव म्हणाले. "जास्त लाइट, जास्त मरंल त्यो रोग."

"नाही. रोगाला लागतात तेवढे मोजून देतात. त्याच्या वर जातं ते चांगल्या भागाला जातं."

बबनरावांचा चेहरा बदलला. "चूक कुणाची?"

"माझ्या विभागाची."

"माणसाचं नाव सांगा."

"माझं लिहा. नसीम तांबोळी."

बबनरावांनी खुर्ची पुढे ओढली. "बाई, आमच्या जमिनीची चार येळा मोजणी झाली. चार येळा चुकली. एक बी सायब दारात आला न्हाय चुकलं म्हणायला. तुम्ही आपल्या पायानं सांगताय. म्हंजी ह्याच्याहून मोटं कायतरी हाय, आन ते झाकायला हे छोटं सांगताय. काय हाय ते बोला."

मी इतकी वर्षं लोकांनी विचारावं म्हणून पत्रकं काढली होती. विचारणारा माणूस समोर बसला होता आणि मी दाराआड सरकले होते. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी वहीच आणून बबनरावांसमोर ठेवली. बोटाने ओळ दाखवली, आमच्या सह्यांसकट. सुलोचनाबाईंच्या उपचाराचा प्रत्येक दिवस मोजून दाखवला, सहा दिवस चुकीचे, बाकीचे बरोबर. ते परत परत विचारत होते, मॅडम परत परत सांगत होत्या. पावणेदोन तास.

मग सुलोचनाबाईंनी मॅडमच्या बाहीला हात लावला. घोगऱ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "शेवटाला शेवटाला गिळताना लई आग व्हायची. त्यानं का?"

"सगळी त्याने नाही. पण थोडी त्याने असणार. हो."

"मी सांगत हुते." त्या नवऱ्याकडे वळल्या. "समदी म्हनत हुती, मनाचं हाय. सोसत न्हाय हिला."

बबनराव खाली बघत राहिले. त्यांनी नंतर आवाज चढवला नाही. पण जाताना ते वर गेले, व्यवस्थापकांच्या खोलीत, आणि म्हणाले, बाईंनी तोंडी सांगितलंय ते मला शिक्क्यासकट कागदावर पाहिजे.

हा शनिवार. मंगळवारी सकाळी पत्र आलं. चौथी फाईल तेव्हा मॅडमच्या टेबलावर उघडी होती. आदल्या आठवड्यात त्यांनी त्यातल्या नंबरावर सतरा वेळा फोन केला होता. तो बंद होता. पाठवलेलं पत्र परत आलं होतं. मंगळवारी दुपारी त्या स्वतः पत्त्यावर जाणार होत्या. किल्ल्या घेणाऱ्या माणसाने जाता जाता ती फाईलही उचलली.

सरकारी तपासणी झाली. यंत्र बरोबर असल्याचा शेरा मिळाला. रुग्णांना कळवलं का, या प्रश्नाला रुग्णालयाने उत्तर दिलं, 'कळवण्यात आले आहे'. तिघांपुरतं ते खरं आहे, आणि त्या तिघांना कळवल्याबद्दलच मॅडम घरी आहेत. माझ्या सहीचं मी चौकशीत लिहून दिलं. उत्तर आलं की विद्यार्थिनीची सही ग्राह्य धरली जात नाही. सागर चौकशीत म्हणाला, मला नीट आठवत नाही. मी मॅडमच्या घरी जाऊन त्याच्यावर तोंडसुख घेतलं. त्या अब्बांच्या दुकानात बसल्या होत्या, एका सोनाराच्या काट्याची पारडी पुसत.

"त्याला तिथून हलवायची मागणी करू नकोस," त्या म्हणाल्या. "तो आता जन्मभर दाब दोनदा वाचेल. त्याच्या जागी आणतील तो एकदाच वाचेल."

"मग मी मागणी कसली करू? रुग्णालयाचं नाव छापते. फाटकावर बसते."

"नाव छापलंस तर उद्या तिथे दोनशे लोक रांग लावतील, मला जास्त गेलं का विचारत. त्यातले निम्मे उपचार अर्धवट सोडतील. त्यांचं काय?"

"आणि चौथा? त्याचं नाव तरी सांगा. आमची पोरं एका दिवसात शोधतील."

"त्याच्या घरात कुणाला माहीत नसेल त्याला काय झालंय. कामावर माहीत नसेल. तुझी पोरं गल्लीत नाव पुकारत फिरणार?" त्यांनी पारडं उजेडात धरलं. "नाव माझ्यापाशी आहे. ते तिथेच राहील."

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. अजूनही थोडा आहे. मी वाद घातला की अशाने तो माणूस सापडणारच नाही. त्यांनी दुसरं पारडं पुसायला घेतलं.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवलं. विश्रांतवाडीत आळंदी रस्त्यावरून आत वळून एका कोपऱ्यावर गाडी लावली. म्हणाल्या, "तू इथेच थांब. ऐकू येईल इतकी जवळ येऊ नकोस." फाईलमधला पत्ता याच भागातला होता, हे मला तेव्हा कळलं. खोली भाड्याची होती आणि मॅडम पहिल्यांदा तिथे गेल्या तेव्हाच भाडेकरू सोडून गेले होते. तेव्हापासून दर रविवारी त्या एक गल्ली घेतात. आपण कोण, कशासाठी, हे सांगत नाहीत. जुन्या ओळखीचे आहेत, एवढंच. दोन-तीन ठिकाणी त्यांना विमेवाली समजून हाकललंय. एका सोसायटीच्या वॉचमनने नाव विचारलं. तांबोळी ऐकल्यावर आधारकार्ड मागितलं. त्यांनी ते दाखवलं.

मी कोपऱ्यावरून बघत होते. ऊन तापलेलं. मॅडम एका फाटकाशी उभ्या राहिल्या, बाल्कनीतल्या बाईंशी मान वर करून बोलल्या. बाईंनी आत कुणाला तरी विचारलं, मग नाही म्हणून हात हलवला. मॅडमनी मान डोलावली आणि पुढच्या फाटकाकडे गेल्या. तिथे कुणी दार उघडलं नाही. त्या थोडा वेळ थांबल्या, परत बेल दाबली, आणि त्याच्या पुढच्या फाटकाकडे निघाल्या. गल्ली लांब होती.

मॅडमच्या संमतीने मी फक्त एवढं छापते आहे. वाचणाऱ्यांनो, गेल्या वर्षी होळीच्या आधीच्या पंधरवड्यात, पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात, तुम्ही किंवा तुमच्या घरातल्या कुणी पाठीच्या मणक्यावर पाच दिवसांचा किरणोपचार घेतला असेल आणि तुम्ही तेव्हा विश्रांतवाडीत भाड्याने राहत असाल, तर पायांना मुंग्या किंवा बधिरपणा येण्याची वाट बघू नका. उद्या सकाळी त्या विभागात जा. उपचाराचा तुमचा कागद मागा, तो तुमच्या हक्काचा आहे, आणि तो हातात पडेपर्यंत तिथून उठू नका. तुम्ही ते नसाल, पण ते कोण हे तुम्हाला माहीत असेल, तर नाव मला कळवू नका, कुणालाच कळवू नका. हा कागद त्यांच्या हातात नेऊन द्या.